वाट्याची होडी

समुद्र उधन्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे, तरी उधन्याच्या मराठी माणसाला तो परकाच राहिला. याचे कारण आपल्या येण्याच्या वाटेत आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे धावू लागली आणि पुढे त्याच लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या बाजूंची माणसे मागांच्या आणि गिरण्यांच्या कामासाठी उधन्यास उतरली. तापीखोऱ्यातील या माणसांना नदीचे मासे ठाऊक होते, बाजारच्या दिवशी येणारे सुके बोंबील आणि सुकट ठाऊक होती. परंतु ज्या पाण्यातून तो बोंबील निघतो ते पाणी पाहण्याचा प्रसंग क्वचितच येई. येथे स्थायिक होऊन आता कित्येक घरांतून तिसरी पिढी नांदत आहे. तरीही समुद्र म्हणजे रविवारी डुमसच्या काळ्या वाळूवर बसावे, टमाट्याची भजी खावीत आणि दिवेलागणीला परतावे, एवढाच आपला व्यवहार. २०२० च्या नोव्हेंबरात हजिरा ते घोघा ही नौकासेवा सुरू झाली, तेव्हा आपल्यातील अनेकांनी पहिल्यांदा जमीन दिसेनाशी होताना पाहिली.

अशा आम्हां दहा जणांनी गेल्या पौषात एक पूर्ण दिवस समुद्रात तळाचे मासे गरवण्यात घालवला. यंत्रमागावर काम करणारे दोन बंधू, एक शिक्षक दांपत्य, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, कापडाच्या रंगखात्यातील मुकादम आणि त्यांची पत्नी, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी व तिचे वडील, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेले आमचे अण्णा, असा हा मेळा होता. अण्णा मासे खात नाहीत आणि धरतही नाहीत. त्यांना फक्त समुद्र पाहावयाचा होता. एका कुटुंबास न पेलणारे होडीचे भाडे दहांत विभागले की सर्वांस पेलते, या साध्या हिशेबावर सहल ठरली. त्या हिशेबात भाड्याखेरीज आणखीही काही वाटून घ्यावे लागते, हे पुढे उमगले आणि तेच या लेखातून सांगावयाचे आहे.

प्रथम शंका अशी येईल की, समुद्र दाराशी असता इतक्या दूर का जावे? खंभातच्या आखाताची ठेवण हेच त्याचे उत्तर. हे आखात नरसाळ्यासारखे उत्तरेकडे निमुळते होत जाते आणि भरतीचे पाणी आत शिरताना दाटून वर चढते. भावनगरच्या बाजूस भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांपर्यंत जातो; आपल्या भारतात इतका फरक अन्यत्र क्वचितच आढळतो. तापीच्या मुखाशी तो त्याहून कमी असला तरी पाण्याची ओढ जबर, आणि नद्यांनी आणलेल्या गाळामुळे पाणी सदैव गढूळ. तळाला गळ टाकावयाचा तर दोर सरळ खाली जावा लागतो. ओढीच्या पाण्यात शिसे तळाशी ठरत नाही, दोर तिरपा वाहून जातो. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार येथे खुंटांना वा नांगराला बांधलेली जाळी लावून त्या ओढीकडूनच काम करून घेतात, ते याचसाठी. पाणी जेथे निवळ, तळ जेथे खडकाळ आणि ओढ जेथे मंद, अशी जागा आम्हांस हवी होती. ती मालवणच्या बाजूस आहे. सुरतेहून कोकण रेल्वेच्या मार्गाने जाणारी गाडी धरावी, कुडाळला उतरावे आणि तेथून सुमारे ३० किलोमीटर रस्त्याने मालवण गाठावे.

दिवस निवडताना पंचांग उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याला उधाण असते. अष्टमी-नवमीला भरती-ओहोटीतील फरक कमी, त्यास कोकणात भांग म्हणतात. गरवावयास भांगाचे दिवस बरे. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखाही आहे: तिथीला पाऊणाने गुणावे, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीचे आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बारानंतर ओहोटीचा शेवट. पाणी वळण्याच्या त्या वेळी ओढ जवळजवळ थांबते आणि दोर ओळंब्यासारखा उभा राहतो. आम्ही पौषातील अष्टमी धरली होती. मुकादमांच्या पत्नीने हा गुणाकार स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर करून ठेवला होता, आणि नाखव्याने सांगितलेली वेळ त्याच्याशी तंतोतंत जुळली, याचे त्यांना अतोनात समाधान झाले.

होडी ठरवताना आम्ही तीन गोष्टी विचारल्या, त्या प्रत्येक कुटुंबाने विचाराव्यात. प्रवासी नेण्याचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे काय? परवान्यावर किती माणसे लिहिली आहेत? आणि तितकी तरंगती जाकिटे होडीवर आहेत काय? दिनांक २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची एक बोट उलटून दोघांना प्राण गमवावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही. किनारा दिसतो म्हणजे धोका नाही, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आमचे नाखवे याबाबत कडक होते. जाकीट अंगात घातल्यावाचून त्यांनी कोणास फळीवर पाऊल ठेवू दिले नाही. उकडते म्हणून कुरकुर करणाऱ्या तरुणास त्यांनी एका नजरेत गप्प केले.

निघण्यापूर्वी त्यांनी आणखी एक प्रश्न केला, जो आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानी आला नव्हता. मासे कसे वाटून घेणार? ज्याच्या गळाला लागला त्याचा, की सर्वांचे सारखे वाटे? आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तेव्हा त्यांनी किनाऱ्यावर चाललेल्या रापणीकडे बोट दाखवले. रापण म्हणजे किनाऱ्यालगत होडीने अर्धवर्तुळात सोडलेले आणि मग दोन्ही टोकांनी माणसांनी ओढून आणलेले लांबच लांब जाळे. पंचवीस-तीस माणसे दोराला लागतात, जाळे सर्वांच्या मालकीचे असते आणि मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा असतो, जाळ्याचा असतो, ओढणाऱ्याचा असतो. दोराला हात लावला त्याला रिकाम्या हाताने घरी जावे लागत नाही, अशी ही रीत. गाबीत समाजाच्या या रीतीवर मोठ्या यांत्रिक नौकांमुळे संकट आले आहे. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले, त्यामागे या लहान मच्छीमारांचा दीर्घ लढा होता. आम्ही रापणीची रीत पत्करली. एका खोलीत आठ जण राहून खानावळीचा खर्च वाटून घेणाऱ्या गिरणीकामगारांची आम्ही मुले. वाटा हा शब्द आम्हांस नवा नव्हता.

पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता आणि पाणी तुकतुकीत होते. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट उजाडताना काळा दिसत होता. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामास आरंभ केला तो हा जलदुर्ग, आणि त्याच्या भोवतीचे पाणी आज राखीव आहे. १९८७ मध्ये येथे २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरांचा भाग त्याचा गाभा होय. नाखव्यांनी होडी तेथे क्षणभरही थांबवली नाही. दक्षिणेकडे निवतीच्या समुद्रातील खडकांच्या रोखाने आम्ही निघालो. ज्यांना बोट लागते त्यांनी आदल्या रात्री हलके जेवून सकाळीच गोळी घेतली होती आणि नजर क्षितिजावर ठेवली होती. त्यामुळे दिवसभरात एकाच व्यक्तीला त्रास झाला, आणि तोही आल्याच्या तुकड्याने आवरला.

नांगर पडला तो सुमारे दहा वावांवर. दोन्ही हात पसरले असता एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव. होडीवर आजही खोली याच मापाने मोजतात. दहा वाव म्हणजे अठरा मीटरांच्या आसपास. साधने अगदी साधी: फिरकीवर गुंडाळलेला तंगूस, शेवटी शिसे, शिशाच्या वर हातभर अंतराने दोन गऱ्या, आणि आमिषाला माकूल व तारलीचे तुकडे. काठी नाही, चाक नाही. नाखव्यांनी सांगितलेला मंत्र एवढाच: "शिसा तळाक टेकला काय दोन हात वर घेवा." तळाशी पडून राहिलेली गरी खडकात अडकते, दोन हात वर ठेवली तर माशाच्या तोंडासमोर राहते. मग तर्जनीवर तंगूस ठेवून थांबावयाचे. लहान मासा टोचल्यासारखा ठोके देतो, मोठा एकदाच ओढतो.

मागावर वर्षे काढलेल्या बंधूंना हे काम सर्वांत आधी साधले, याचे आम्हांस नवल वाटले नाही. सूत तुटण्याआधी हाताला कळावे लागते, हाच तर त्यांचा धंदा. पहिला मासा थोरल्या बंधूंनी काढला, तांबोशी, नावाप्रमाणे तांबूस आणि ओंजळीत न मावणारी. नंतर राणीमासे आले, गुलाबी अंगाचे. एक शिंगाळा आला, तो खलाशाने कोणास हात लावू न देता स्वतः सोडवला. त्याच्या काट्यात विष असते, आणि तो लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, मग डॉक्टरांकडे जावे, हे त्याने समजावून सांगितले. एक केंड वर येताच चेंडूसारखा फुगला. तो विषारी असतो आणि शिजवल्यानेही ते विष जात नाही; त्याला लगेच पाण्यात सोडून दिले. शिक्षकांच्या पत्नीच्या गळाला हेकरू लागला, ठिपक्याठिपक्यांचा, रुंद जबड्याचा, चांगला दोन किलोंचा. निवृत्त काकांच्या दोराला मात्र तोवर काहीच लागले नव्हते.

बाराचा सुमार झाला. ओढ थांबली. ज्या वेळेसाठी तिथी पाहिली, गुणाकार केला, ती वेळ आली. दोर सरळ उभे राहिले आणि प्रत्येकाच्या गळाला मासे लागू लागले. एकेका दोरावर दोन-दोन. पण ते सारे वीतभरही नव्हते. हेकरूची पिले, तांबोशीची पिले. नाखव्यांनी दोन-चार पाहिली आणि म्हणाले, "बारकी गावाक लागली. चला हयसून."

होडीवर एकच गलका झाला. दिवसाचे भाडे मोजले आहे. मासे लागण्याची हीच वेळ. काकांच्या हाती अजून एकही मासा नाही. आणि बारकी नको असतील तर सोडून देऊ, थांबावयास काय हरकत? धाकटे बंधू हे बोलले तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांनी मान डोलावली. युक्तिवाद वरवर बिनतोड होता. नाखवे रागावले नाहीत. त्यांनी नुकताच काढलेला एक लहान हेकरू पाण्यात सोडला आणि आम्हांस पाहावयास सांगितले. तो खाली गेला नाही. पोट वर करून, तोंडातून फुग्यासारखे काही बाहेर आलेले, असा तो पृष्ठभागावर तरंगत राहिला. थोड्याच वेळात वरून घार आली.

त्यामागचे कारण शाळेतील विज्ञानाचे आहे, आणि महाविद्यालयीन मुलीने ते तेथेच सर्वांस सांगितले. पाण्यात दर दहा मीटरांस हवेच्या एका दाबाची भर पडते. वीस मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तो झपाट्याने वर ओढला गेला की दाब उतरतो, आत कोंडलेली हवा जवळजवळ तिप्पट जागा मागू लागते, आणि पिशवी जठराला तोंडाकडे ढकलते. मग सोडला तरी त्याला बुडता येत नाही. नदीत धरलेला मासा सोडावा आणि तो शेपूट मारून निघून जावा, हा आपला अनुभव येथे चालत नाही. तळाचा मासा सोडून देणे म्हणजे त्याला जगवणे, असे धरून चालता येत नाही. त्याला जगवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या दारातून उठणे.

नाखव्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती आम्हांस अधिक लागली. बांगडा, तारली हे थव्याने फिरणारे मासे. आज येथे, उद्या कोठे. हेकरू खडक धरून राहतो. तो सावकाश वाढतो. शास्त्रज्ञ सांगतात की या कुळातील बहुतेक जाती प्रथम मादी असतात आणि वय झाल्यावर त्यांपैकी काही नर होतात. म्हणजे मोठे तेवढे उचलत गेले तर नर संपतात, आणि लहान उचलले तर पुढच्या माद्याच संपतात. खडक एकदा रिकामा झाला की वर्षानुवर्षे रिकामा राहतो. "हो खडक माझ्या बापाशीन दाखवलो," ते म्हणाले, "उद्याक माझ्या झिलान खंय जावचा?" आम्ही एका दिवसाचे भाडे दिले होते, त्या दिवसाखाली त्यांचे सारे आयुष्य नांगरून पडले होते.

अण्णा इतका वेळ मागे बसून होते. ते एवढेच म्हणाले, "विहीर शेजाऱ्याची असली तर आपण तळ खरवडीत नाही." खान्देशातील माणसाला याहून अधिक समजावणे लागत नाही. दोर गुंडाळले गेले.

दुसरी जागा अधिक खोल आणि मासे कमी. दीड तासात सातच मासे आले. त्यांतील एक काकांचा होता, आणि त्यांनी तो वर घेताना होडीवरील सर्वांचे श्वास थांबले होते, इतकेच लिहिणे पुरे. तीनच्या सुमारास वायव्येचा वारा वाढू लागला, पाण्यावर पांढरे तुरे उठले, आणि नाखव्यांनी तोंड किनाऱ्याकडे वळवले.

वाटे किनाऱ्यावर घातले. दहा आमचे, एक होडीचा, एक नाखव्यांचा, एक खलाशाचा. असे तेरा ढीग. मोठा हेकरू कापून विभागला. मग अण्णांना ढिगांकडे पाठ करून बसवले. खलाशी एकेका ढिगावर बोट ठेवून विचारी, "हो कोणाचो?" आणि अण्णा न पाहता नाव घेत. कोणास मोठी तांबोशी आली, कोणास राणीमासे; तक्रारीला जागाच नव्हती. अण्णांनी स्वतःच्या नावाचा वाटा खलाशाला दिला. ज्यांनी गळ धरलाही नाही त्यांच्यावरच वाटणीचा सर्वांत अधिक विश्वास होता.

रात्री उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी तांबोशीचे सार केले. वाटलेले खोबरे, आमसुले आणि वरून ठेचलेली तिरफळे. तिरफळाने जीभ किंचित बधिर होते आणि माशाचा वास हटतो. मुकादमांच्या पत्नीने पिशवीतून आपला काळा मसाला काढला आणि हेकरूच्या तुकड्यांना लावून तव्यावर परतला. काकूंनी चाखून पाहिला व त्यातील एक पुडी मागून घेतली. अण्णांसाठी सोलकढी, भात आणि वालाचे बिरडे होते.

परत आल्यावर आपल्या दाराशी असलेल्या आखाताकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरात सरकारने घोळ हा राज्यमासा म्हणून जाहीर केला. घोळही तळाजवळचा मासा. त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीला भोत म्हणतात. ती वाळवून परदेशी जाते आणि तिला सोन्याचा भाव येतो. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेला घोळीचा थवा सापडला आणि त्याचे मोल एक कोटी रुपयांवर गेले. ज्या पिशवीने लहान हेकरूला बुडू दिले नाही, तीच घोळीच्या जिवावर उठली आहे. घोळ पूर्वीसारखी मिळत नाही, असे किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगतात. आपण उधन्याच्या बाजारात मासळी घेतो तेव्हा एवढे तरी पाहू शकतो: वीतभर पिले टोपलीत असतील तर ती घेऊ नयेत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण पुष्कळ माशांचा तो विणीचा काळ. त्या दिवसांत ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची रीत आपल्या पूर्वजांनी उगाच घातलेली नाही.

ज्या कुटुंबांना अशी सहल करावयाची असेल त्यांनी ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, भांगाची तिथी पाहून करावी. दहाहून अधिक जणांनी एका होडीत जाऊ नये, आणि परवान्यावरील आकडा त्याहूनही कमी असेल तर तोच खरा मानावा. टोपी, पुरेसे पाणी, अंगभर कपडे आणि पाय न घसरणारे जोडे घ्यावेत. मुलांना अवश्य न्यावे, मात्र होडीच्या मधोमध बसवावे. वाटणीचा करार निघण्यापूर्वी करावा. आणि नाखवा उठावयास सांगेल तेव्हा, मासे कितीही लागत असोत, दोर गुंडाळावेत.